तीन मांडव्या आणि एक उंडेरा
(साथीच्या वाटा : लेखांक ९)

सुरतेचा १९९४ चा प्लेग आज घेणार होतो. तो पुढे गेला, आणि याला जबाबदार आपल्या बडोद्याच्या मांडवीतलेच एक वाचक. ते लिहितात, "आजोबा सांगायचे की प्लेग पहिल्यांदा मांडवीत सापडला. म्हणजे आमच्या घराच्या दारात? तुम्ही तर अजून याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही."

आजोबांचं बरोबर आहे, फक्त मांडवी दुसरी. मुंबईत मशीद बंदराच्या बाजूला, गोदीला लागून धान्याच्या वखारींची जी वस्ती आहे, ती मांडवी. तिथे सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचं निदान केलं. मुंबई हादरली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मं शहर गाव गाठायला निघून गेलं होतं. वखारींवरचे व्यापारी आणि हमाल यांत कच्छी मंडळी पुष्कळ. त्यांचा गावाचा रस्ता समुद्रातून. १८९७ मध्ये कच्छच्या मांडवीत साथ पेटली आणि ते भरलं बंदर पार खचलं. आपल्या मांडवीला ना बंदर, ना गोदी. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी अशा चार दरवाजांच्या मधोमध ती बसलेली. पण बी. बी. अँड सी. आय. चे रूळ मुंबईहून थेट बडोद्यात येत होते, आणि त्या काळात सगळा वाद पेटला होता तो याच रुळांवरून.

माणसांना जाऊ द्यायचं की नाही? मुंबईच्या पांढरपेशांपासून व्हेनिसपर्यंत हाच प्रश्न होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये युरोपातली राष्ट्रं व्हेनिसला जमली, ती मुख्यतः हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांच्या भीतीने. हज यात्रेकरूंना त्या वर्षी मुंबई आणि कराची बंदरांतून सोडलं नाही. युरोपीय बंदरांनी मुंबईच्या मालालाच दार लावलं तर, ही सरकारची खरी धास्ती. त्याच महिन्याच्या ४ तारखेला साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमं. त्यांत रेल्वेने किंवा अन्य मार्गाने जाणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांना वेगळं ठेवण्याचा अधिकार. २०२० च्या मार्चमध्ये हाच कायदा पुन्हा कपाटातून निघाला, हे सांगायला नकोच.

माझं म्हणणं इतकंच की बंदी माणसांवर आली, मालावर आली नाही. फलाटावर तिसऱ्या वर्गाचे उतारू रांगेने उभे करायचे, नाडी बघायची, काखेत नि जांघेत गाठ चाचपायची. बायकांना परक्या पुरुषाने हात लावण्यावरून केवढा गहजब झाला! तो रास्तच होता. पहिल्या वर्गाच्या डब्याकडे तपासनीस जरा नरमाईने वळत. आणि धान्याच्या वाघिणी? त्या चालू राहिल्या. वखारींत उंदीर मरून पडत होते हे मुंबईच्या मांडवीत १८९६ सालीच दिसलेलं होतं. उंदरावरची पिसू दोषी, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत जून १८९८ मध्ये दाखवलं, आणि त्यांचं म्हणणंही लगेच कुणी मानलं नाही. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना पिसू माहीत नव्हती म्हणून दोष देता येणार नाही. पण उंदीर पडला की घर सोडून रानात झोपडी बांधायची, एवढं खेड्यातल्या माणसाला कळत होतं. त्याला कोणी विचारलं नाही.

मदतीची बाजू सांगायची तर सगळेच नेते सरकारवर टीका करून थांबले नाहीत. पुण्याचं मागे झालंच. एकच भर घालतो. टिळकांनी 'केसरी'तून सरकारवर कोरडे ओढले तसेच शहर सोडून पळालेल्या आपल्याच पुढाऱ्यांवरही ओढले. स्वतः पुण्यातच राहिले, हिंदूंसाठी वेगळं इस्पितळ काढलं. मुंबईतही जातीजातींनी आपापली इस्पितळं उभारली.

आता उंडेरा. पत्रलेखक मांडवीतले आहेत म्हणून तर हे आवर्जून सांगतो. गोरव्याच्या पुढचं हे गाव तेव्हा बडोद्यापासून सहाएक मैलांवर होतं. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग लागला. वाल्देमार हाफकीन यांनी वर्षापूर्वी मुंबईत लस तयार करून आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. आता बडोदा दरबारच्या सहकार्याने ते उंडेऱ्यात आले. गावातल्या घरांच्या यादीवरून एकेक कुटुंब पुढे बोलावलं, आणि प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्यांना टोचलं. एकच छप्पर, एकच चूल, उंदीरही तेच. फरक फक्त सुईचा. मग थांबायचं आणि मोजायचं. प्लेग शिरला त्या घरांत टोचलेले ७१ जण होते, त्यांतले ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेले ६४, त्यांत २७ आजारी आणि २६ मृत्यू. सत्ताविसातला एकच वाचला.

हे आकडे मी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा वाचतो आणि दरवेळी ६४ जणांपाशी थांबतो. भावाला टोचलं, मला का नाही, असं कोणी विचारलं असेल का? आजच्या कोणत्याही नैतिकता समितीने असा प्रयोग होऊ दिला नसता. आणि तरी फलाटावरच्या कुठल्याही तपासणीतून जो पुरावा कधीच निघाला नसता, तो या एका गावाने दिला. रेल्वेच्या पहाऱ्यावर जेवढं मनुष्यबळ खपलं त्याचा थोडा भाग जरी टोचणीकडे वळला असता, तर? असं मला वाटतं. इतिहासकारांचं यावर एकमत नाही.

पुढे मुंबई सरकारने टोचून घेतल्याचा दाखला असणाऱ्यांना विलगीकरणाच्या आणि प्रवासाच्या काही नियमांतून सूट दिली. लोकांचा वाद आणखी पेटला. काहींना ती सोय वाटली, काहींना आडून केलेली सक्ती. तरुण आगा खान तिसरे यांनी लोकांसमोर टोचून घेतल्यावर खोजे मोठ्या संख्येने पुढे आले. ज्यांच्या शब्दावर विश्वास होता अशा माणसाने दंड पुढे केला की सरकारी पत्रकापेक्षा जास्त काम होई, हे अधिकाऱ्यांना उशिराच उमगलं.

पत्रलेखकांना एक विनंती. आजोबांची पेटी असेल तर तळाशी बघा. असा दाखला निघाला तर फोटो पाठवा. दाखले कागदाचेच होते, वाळवी लागली नसेल तर टिकले असतील. सुरत पुढच्या आठवड्यात. मात्र तिथे आधी डॉ. रखमाबाई भेटणार आहेत, त्यामुळे १९९४ ला पोहोचायला आणखी एखादा हप्ता लागेल.