एमबीबीएसचे वर्ग सुरू होण्याआधी: कानाने काय शिकावं, काय शिकू नये

नीटचा निकाल लागतो, कॅप राउंडची धावपळ होते, सीट पक्की होते आणि कॉलेज सुरू व्हायला काही आठवडे उरतात. या दिवसांत पालक हमखास विचारतात, "आत्तापासून मुलीने काय वाचायचं?" माझं उत्तर असतं, वाचणं पुढे आहेच, आधी ऐकू द्या.

याला कारण आहे. नीट उर्दूतून देता येते, मराठीतूनही देता येते. पण आपल्याकडे एमबीबीएसचा वर्ग चालतो इंग्रजीत. दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावी-बारावीत इंग्रजी पुस्तक वाचायला शिकतात, पण सलग तासभर इंग्रजी ऐकून नोट्स काढायची सवय त्यांना नसते. हुशार मुलं पहिल्या महिन्यात गप्प होतात ती इथेच. २०१९ पासून सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, त्यात भाषेचाही भाग आहे. पण कान तयार व्हायला तेवढे दिवस पुरत नाहीत.

पहिल्या वर्षाचे विषय तीन: अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. यातला ऐकण्यासारखा विषय फिजिऑलॉजी. तिथे एकातून एक गोष्ट निघते. रक्तदाब उतरला की किडनी रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, रक्तवाहिन्या आवळतात, अल्डोस्टेरॉनमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि दाब पुन्हा सावरतो. हे भाकऱ्या थापतानाही ऐकता येतं. बायोकेमिस्ट्रीला मात्र कागद-पेन्सिल हवीच, क्रेब्ज सायकल नुसती ऐकून कुणाला आली नाही.

अ‍ॅनाटॉमीत तर कान चक्क फसवतो. 'इलियम' म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि 'इलियम' म्हणजे कमरेचं हाडही. उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. म्हणून तिथे ऐकताना समोर चित्र हवं. तरीही बर्कलीच्या प्राध्यापिका मेरियन डायमंड यांची अ‍ॅनाटॉमीची लेक्चरं जरूर पाहावीत. टोपीच्या डब्यातून खराखुरा मानवी मेंदू काढून दाखवणाऱ्या या बाई २०१७ मध्ये गेल्या, पण त्यांचा शांत, स्पष्ट आवाज नवख्या मुलांनाही समजतो. इंग्रजीचा भारतीय उच्चार सोपा वाटत असेल, तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे जीवशास्त्राचे कोर्स मोफत आहेत. खान अकॅडमीचे छोटे व्हिडिओही सुरुवातीला बरे.

सीनियर मुलं डॉ. गोल्जन यांचे पॅथॉलॉजीचे ऑडिओ पुढे पाठवतात. ते गाजलेले आहेत, पण अमेरिकेतल्या परीक्षेसाठी, आणि पॅथॉलॉजी आपल्याकडे दुसऱ्या वर्षाला येते. आत्ता ऐकून फक्त घाबरायला होईल. 'प्री-एमबीबीएस पॅकेज' म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या जाहिरातींना तर हातही लावू नका. फी, हॉस्टेल, पुस्तकं हा खर्च समोर उभा आहेच.

उर्दू जाणणाऱ्या मुलांना एक गंमत सांगावीशी वाटते. मेंदूच्या बाहेरच्या आवरणाला 'ड्युरा मेटर' म्हणतात, म्हणजे लॅटिनमध्ये 'कठीण आई'. आई कुठून आली? मध्ययुगात अरबी वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले, तेव्हा अरबीतल्या 'उम्म'चं शब्दशः भाषांतर झालं. वर्गात हा शब्द कानावर पडेल तेव्हा आपलं मूल एकटंच गालात हसेल.

ऐकायची पद्धत साधी ठेवा. रोज वीस-पंचवीस मिनिटं, एकच लेक्चर दोनदा. पहिल्यांदा यूट्यूबचा वेग पाऊणपट करून, सबटायटल लावून. दुसऱ्यांदा सबटायटल बंद, नेहमीच्या वेगाने, आणि ऐकता ऐकता वहीत पाच ओळी. नंतर तेच अम्मीला किंवा धाकट्या भावाला आपल्या भाषेत सांगायचं. जिथे सांगताना अडखळेल तेवढाच तुकडा पुन्हा लावायचा. घरात वायफाय नसेल तर जिथे मिळेल तिथे अ‍ॅपमध्येच डाउनलोड करून ठेवा, कमी क्वालिटीत. आवाजाला तेवढं पुरतं.