बाटल्यांवरचे अक्षर

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल 2023 मध्ये केंद्राने मंजूर केलेले 2600 कोटी रुपये, हे आमच्या वर्गातल्या पोरांना पाठ आहे. पण तिथे काम कोण करणार, असे विचारले की ती म्हणतात, "बाहेरचे साहेब लोक!" आपली मुले का नाहीत? कारण संशोधन म्हणजे काय, हे बी.एस्सी. होईपर्यंत त्यांच्या हाताला लागतच नाही.

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या हाताला ते लागले. ती दुसऱ्या वर्षाला असताना रसायनशास्त्राचे सर विहिरी-बोअरच्या पाण्यावर काम करत होते. त्यांनी चार विद्यार्थी घेतले, त्यात ही एकटी मुलगी. तिचे अब्बा आमच्याकडे आले. "सर, पोरगी दिवसभर खेड्यापाड्यांत फिरणार. याचे मार्क तरी मिळतात का?" मार्क नव्हते, आम्ही तसे सांगितले. अखेर अम्मीने तोड काढली, धाकटा भाऊ सोबत जाईल. (तो दुसऱ्याच फेरीला कंटाळला.)

बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची, वर गाव, तारीख, वेळ लिहायची. महिनाभर एवढेच. मग एकदा एकाच गल्लीतल्या दोन बोअरचे आकडे फारच वेगळे आले. तिला वाटले, आपलीच चूक. सरांनी आकडा खोडायला लावला नाही. "परत जा, दोन्ही बोअर किती खोल आहेत ते विचारून ये," म्हणाले. एक उथळ निघाला, दुसरा खूप खोल. त्या संध्याकाळी ती वही घेऊन आमच्या घरी आली आणि चहा थंड होईपर्यंत बोलत राहिली. पाठ्यपुस्तकात उत्तर आधीच छापलेले असते. इथे ते सरांनाही ठाऊक नव्हते, याचेच तिला नवल.

पुढे शोधनिबंध छापून आला. खोलीचा तक्ता त्यात होता, चौघांपैकी एकाचेही नाव नव्हते, आभारातसुद्धा! नुसत्या बाटल्या वाहणाऱ्याला लेखक म्हणू नये, हे आम्हालाही मान्य. पण जिच्या आकड्यांतून प्रश्न निघाला, तिचे काय? सर भले माणूस आहेत; त्यांच्या ते मनातच आले नसावे. कामाला घेतानाच हे बोलून घ्यायला हवे होते.

नव्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यांना चौथे वर्ष संशोधनासह करता येते. तासिकांनी वाकलेला प्राध्यापक तेव्हा किती जणांकडे खरे लक्ष देईल? आमच्या मते दोघा-तिघांकडे, फार तर.

बाहेरही दारे आहेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम 2004 पासूनचा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या उन्हाळ्यात दोन महिने संशोधकाकडे काम करायला पाठवतात, विद्यावेतनही देतात. त्या अर्जाला शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. आमची विद्यार्थिनी त्याच सरांकडे गेली. पत्रात त्यांनी त्या दोन बोअरची हकिकत लिहिली, आणि प्रश्न तिच्या नोंदींतून निघाला हेही.

अर्ज गेला आहे. अब्बांनी एवढेच विचारले, "तिकडे मुलींचे हॉस्टेल आहे ना?"