फॉक्सफील्डचा चढ

कुर्डुवाडीहून बार्शीला 1897 मध्ये अडीच फुटी रेल्वे नेणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्येही तशीच एक रेल्वे उभी केली. स्टॅफर्डशायरमधल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातली ही रेल्वे 1904 च्या जूनमध्ये सुरू झाली आणि 1934 च्या मार्चमध्ये बंद पडली. बार्शी लाइटच्या ओढीनेच मी त्या खोऱ्यात गेलो. आज तिथे रूळ नाहीत. 1937 पासून त्या जागी पायवाट आहे आणि एकुलत्या एका बोगद्यातून मोटारी जातात. मार्गावर दोनच इंजिनं होती, त्यातल्या एकावर खुद्द कॅलथ्रॉपचं नाव होतं. दोन्ही भंगारात गेली.

तिथून थोड्याच अंतरावर, ब्लाइथ ब्रिज गावाजवळ, एका बंद पडलेल्या कोळसा खाणीची रेल्वे मात्र धावते आहे. तिला ना नदीकाठची शोभा, ना कॅलथ्रॉपसारखा नामवंत इंजिनियर. तरी ती वाचली, कारण ती उशिरा बंद पडली. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे म्हणजे वेल्समधली तालिथलिन, आणि ती गोष्ट 1951 ची. मॅनिफोल्डची इंजिनं मोडली तेव्हा अशी माणसं एकत्र यायला अजून वेळ होता. खाणींची इंजिनं साठीच्या दशकातही राबत होती. प्रवासी गाड्यांच्या डौलदार इंजिनांमागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांनी त्यांच्याकडे फारसं पाहिलं नव्हतं. पण हौशी मंडळी जागी झाली तेव्हा यांच्या भट्ट्या पेटलेल्या होत्या.

ब्लाइथ ब्रिजजवळची ही फॉक्सफील्ड खाणीची रेल्वे 1893 ची. खाण 1965 मध्ये बंद झाली आणि 1967 मध्ये स्थानिक मंडळींनी संस्था काढून मार्ग ताब्यात घेतला. इतिहास एवढाच. मला खिळवून ठेवलं ते खाणीतून वर येणाऱ्या चढाने.

खाण खाली आणि मुख्य रेल्वेकडे जाणारी वाट टेकडीवरून. त्यामुळे कोळसा आधी वर चढवावा लागे. हा चढ सर्वांत उभा आहे तिथे 19 फुटांत 1 फूट आहे. बोरघाटात तो 37 फुटांत 1 आहे आणि तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. माथेरानची वाट 20 ला 1 आहे, पण ती नॅरोगेज, आणि तिच्यावर हलके, छोटे डबे. फॉक्सफील्डला रुंद रुळांवरून कोळशाने भरलेल्या वाघिणी अशा चढावर ओढायच्या, तेही दातेरी रुळाची मदत न घेता.

इथे कॅलथ्रॉपच्या नेमका उलटा हिशेब आहे. त्याने बार्शी लाइटची सगळी वाहनं एका नियमात बसवली होती: कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नाही. म्हणून वारामागे 30 पौंडांचे हलके रूळही पुरले. खाणीच्या इंजिनाला उलट वजनच हवं. हन्स्लेट कंपनीचं 1956 चं ‘विंबलबरी’ पाहा. 48 टनांचं हे इंजिन तीनच आसांवर उभं आहे आणि तिन्ही आस ओढणारे आहेत. पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसवलेली, म्हणजे पाण्याचं वजनही चाकांवरच. चाक रुळाला घट्ट धरतं ते या वजनामुळे. ओल्या पानांच्या दिवसांत मात्र रुळावर वाळूही टाकावी लागते.

पण चढावरचा खरा पेच चाकांत नाही, बॉयलरमधल्या पाण्यात आहे. भट्टीच्या माथ्यावर सतत पाणी असावं लागतं. ते उघडं पडलं, तर धातू तापून मऊ होतो आणि वरचा दाब त्याला खाली ढकलतो. पाणी किती आहे हे कळायला ड्रायव्हरसमोर एक काचनळी असते. सपाटीवर ती खरं सांगते. धुरांडं चढाकडे असेल तर पाणी मागे, भट्टीकडे सरकतं आणि काच भरलेली दिसते. माथा ओलांडून इंजिन पलीकडे झुकलं की तेच पाणी पुढे धावतं आणि काच झपाट्याने उतरते. म्हणून फायरमनला काचेतलं पाणी वाचताना रुळाचा कलही वाचावा लागतो. चढ सुरू व्हायच्या आधीच इंजेक्टर लावून पाणी भरायचं, पण फार नाही, नाहीतर वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जातं. कोळसाही आधीच नीट पसरायचा, कारण भर चढावर भट्टीचं दार जास्त वेळ उघडं ठेवलं तर थंड हवा आत जाते आणि दाब उतरतो. एवढं करूनही चूक झालीच, तर भट्टीच्या माथ्यात बसवलेला शिशाचा प्लग वितळतो आणि त्यातून सुटलेली वाफ धोक्याची वर्दी देते. फायरमनच्या दृष्टीने ती मोठी नामुष्की.

माझा जीव या कौशल्यात अडकला आहे. लोखंड टिकवता येतं. 1874 मध्ये हेडॉकच्या खाणीच्या स्वतःच्या कारखान्यात बनलेलं ‘बेलेरोफॉन’ जवळजवळ नव्वद वर्षं खाणींत राबलं आणि त्यानंतरही या मार्गावर धावलं. पण ते धावतं ठेवणं सोपं नाही. साधारण दहा वर्षांनी बॉयलर सांगाड्यावरून उतरवावा लागतो, नळ्या काढून पत्रा तपासावा लागतो. त्या कामात इंजिन वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहतं, आणि ज्यांनी ते चालवायचं ती माणसं तोवर म्हातारी होतात.

नव्या हातांची वाट एका जुन्या कायद्याने अडवली आहे. मुलांना कारखान्यांतून सोडवण्यासाठी ब्रिटनने 1920 मध्ये केलेल्या कायद्यात रेल्वेही ‘औद्योगिक’ कामात मोडते. त्या शब्दांनुसार सोळा वर्षांखालच्या मुलांना अशा रेल्वेवर हौसेनेही काम देता येत नाही. कायद्याचा हेतू चांगलाच होता, पण इंजिनाचं वेड लागतं ते बारा-तेराव्या वर्षी. ते वेड सोळाव्या वर्षापर्यंत कोण थोपवून धरणार? हा अडसर काढण्यासाठी लॉर्ड्स सभागृहात विधेयकही मांडलं गेलं.

आणि कोळसा! ब्रिटनमधली शेवटची मोठी भूमिगत खाण, केलिंगली, 2015 च्या डिसेंबरमध्ये मिटली. वाफेच्या इंजिनांना मानवणारा कोळसा देणारी वेल्समधली फोस-ए-फ्रान ही उघडी खाण 2023 च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. आता कोळशाच्या तोंडाशी जन्मलेल्या या रेल्वेच्या जातभाईंना तो समुद्रापलीकडून मागवावा लागतो. कोळशाची भुकटी आणि वनस्पतिजन्य माल दाबून केलेल्या गोळ्यांचेही प्रयोग चालू आहेत. हवामानासाठी कोळसा सोडायला हवा हे मला पटतं. फायरमनची अडचण त्याने कमी होत नाही. एका जहाजाचा कोळसा लगेच पेटतो, दुसऱ्याचा जाळीवर चिकट राख धरतो, आणि प्रत्येक वेळी आग नव्याने समजून घ्यावी लागते. सपाट मार्गावर याची शिक्षा म्हणजे थोडा उशीर. फॉक्सफील्डला अर्ध्या चढावर दाब पडला, तर ब्रेक सांभाळत सगळी गाडी खाली उतरवायची, भट्टी सावरायची आणि पायथ्यापासून पुन्हा सुरुवात करायची.