अपग्रेड झाले, मांडामांड हरवली

संध्याकाळी संगणक बंद करावा आणि सकाळी लॉगिन केल्यावर सगळ्या विंडो होत्या तिथेच उघडाव्यात, ही अपेक्षा जुनी आहे. युनिक्सच्या जगात १९९४ साली एक्स-११ या विंडो-प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीने त्यासाठी नियम घालून दिले. लॉगआउटच्या वेळी सेशन मॅनेजर प्रत्येक प्रोग्रॅमला आपली स्थिती जतन करायला सांगे. प्रोग्रॅम स्वतःला पुन्हा सुरू करण्याची आज्ञा त्याच्याकडे नोंदवी आणि पुढच्या लॉगिनला ती चालवली जाई. पुढे ग्नोम आणि केडीई या दोन्ही डेस्कटॉपनी हीच पद्धत स्वीकारली.

पहिला मोठा धक्का सप्टेंबर २००८ मध्ये बसला. ग्नोम २.२४ साठी सेशन मॅनेजर नव्याने लिहिला गेला, पण सेशन जतन करण्याची सोय तयार होण्याआधीच ही आवृत्ती बाहेर पडली. पुढच्याच महिन्यात उबुंटू ८.१० या लिनक्स वितरणातून ती असंख्य लोकांपर्यंत पोहोचली. एका वर्कस्पेसवर टर्मिनल, दुसऱ्यावर कागदपत्रे अशी रचना रोज वापरणाऱ्यांसमोर सकाळी कोरा डेस्कटॉप उभा राहिला. सोय नंतर परत आली, पण २०११ च्या ग्नोम ३ मध्ये मुख्य सेटिंग्जमध्ये तिला जागा नव्हती. त्याच वर्षी अ‍ॅपलने मॅक ओएस एक्स लायनमध्ये ‘रिझ्यूम’ हे ठळक वैशिष्ट्य म्हणून आणले. म्हणजे गरज संपलेली नव्हती.

दुसरा धक्का एक्स-११ची जागा घेणाऱ्या वेलँडचा, आणि तो अधिक खोल आहे. २००८ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प फेडोरा २५ या लिनक्स वितरणात, म्हणजे २०१६ च्या नोव्हेंबरात, ग्नोमचा नेहमीचा पर्याय झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीईच्या प्लाझ्मा ६ नेही तोच मार्ग धरला. वेलँडमध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या विंडोत डोकावू शकत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण आपली विंडो पडद्यावर नेमकी कुठे आहे हेही प्रोग्रॅमला कळत नाही आणि ती हव्या जागी नेऊनही ठेवता येत नाही. त्यामुळे प्रोग्रॅम पुन्हा उघडले तरी विंडो आपापल्या जागी येत नव्हत्या. त्यासाठी नवा प्रोटोकॉल हवा होता आणि त्याची चर्चा वर्षानुवर्षे रेंगाळली.

दोन्ही वेळा बदलामागची कारणे खरी होती. क्रम मात्र चुकला: जुने आधी बाजूला सारले, नवे मागाहून आले. मधल्या काळाची किंमत वापरणाऱ्यांनी रोज सकाळी मोजली. विंडोंची मांडणी ही माणसाच्या अर्धवट कामाची आठवण असते. ती पुसणारे अपग्रेड, त्यात बाकी कितीही सुधारणा असल्या, तरी अपुरेच. विकसकांनी पर्यायी सोय हाती येईपर्यंत जुनी काढू नये. आणि आपणही अपग्रेडचे बटण दाबण्याआधी प्रकाशन-टिपणे वाचावीत.