दीर्घकालीन आरोग्यपाहणीतील गळती आणि रिकाम्या नोंदी

एकाच व्यक्तिसमूहाची वर्षानुवर्षे पुनःपुन्हा तपासणी करून आरोग्यात कालमानाने होणारे बदल टिपणे, हे दीर्घकालीन पाहणीचे वैशिष्ट्य होय. परंतु माणसे गाव सोडतात, आजारी पडतात, कंटाळतात आणि मृत्यू पावतात. प्रारंभी नोंदविलेला समूह आणि वीस वर्षांनी तपासणीस हजर राहणारा समूह हे नावाने एकच असले, तरी घडणीने एक राहत नाहीत. या गळतीचा विचार न करता काढलेली सरासरी अचूक गणिताने मिळालेली असूनही असत्य ठरू शकते. वार्धक्यातील स्मरणशक्ती व शब्दसंपत्ती यांच्या अभ्यासात हा धोका विशेष संभवतो. ज्या क्षमतेचा ऱ्हास मोजावयाचा, तिचा ऱ्हास झालेली व्यक्तीच तेथे मोजणीस येईनाशी होते.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे के. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली आरंभिलेली पाहणी हे याचे बोलके उदाहरण आहे. एका आरोग्ययोजनेच्या सभासदांपैकी ५०० प्रौढ व्यक्तींच्या मानसिक क्षमता त्या वर्षी तपासण्यात आल्या. शब्दार्थाचे आकलन आणि शब्द झटपट सुचण्याची क्षमता यांचाही त्यांत समावेश होता. सात वर्षांनी, १९६३ साली, त्यांपैकी ३०३ जणच पुन्हा तपासता आले. परतलेल्यांचे पहिल्या चाचणीतील गुण न परतलेल्यांच्या गुणांपेक्षा सरासरीने वरचढ होते, असे आढळून आले. गळती आंधळी नव्हती. तिने जणू निवड केली होती. शाय यांनी प्रत्येक फेरीत नव्या व्यक्तींचा समूहही समाविष्ट केला, त्यामुळे गळतीचा परिणाम स्वतंत्रपणे अजमावणे शक्य झाले.

या निवडीचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. शंभर वृद्धांच्या शब्दस्मरणाची चाचणी घेतली; साठ जणांना प्रत्येकी २४ आणि चाळीस जणांना प्रत्येकी १४ गुण मिळाले, असे समजावे. सरासरी २० येते. पाच वर्षांत प्रत्येकाचे दोन गुण घटले, तर खरी सरासरी १८ व्हावयास हवी. परंतु दुसऱ्या चाचणीस दुर्बल गटातील तीस जण आलेच नाहीत. उरलेल्या सत्तर जणांची सरासरी काढली असता ती सुमारे २०.६ भरते. प्रत्येक व्यक्तीची स्मृती क्षीण झाली असताना समूहाची स्मृती सुधारल्याचा निष्कर्ष हाती येतो.

यावर उपाय योजण्यापूर्वी नोंद का गळाली, हे ठरवावे लागते. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली या प्रश्नाची तात्त्विक मांडणी केली. तिच्यावर आधारलेले त्रिविध वर्गीकरण आज सर्वमान्य आहे. हस्तलिखितांशी परिचय असलेल्या वाचकास ते सहज उमजेल. एखादे पान वाळवीने खाल्ले असेल, तर त्या पानावरील मजकुराचा त्या नाशाशी संबंध नसतो. अशा गळतीस पूर्णतः यादृच्छिक म्हणतात. पोथीच्या जीर्ण भागातील पाने अधिक गळाली असतील, पण कोणता भाग जीर्ण आहे हे दिसत असेल, तर गळतीचे स्पष्टीकरण उपलब्ध माहितीतूनच मिळते. हा दुसरा प्रकार. लेखनिकाने न समजलेला मजकूरच वगळला असेल, तर जे गळाले त्याच्या स्वरूपामुळेच ते गळाले. हा तिसरा आणि सर्वांत अवघड प्रकार. दुसऱ्या प्रकारासही केवळ 'यादृच्छिक' म्हणण्याचा प्रघात आहे. ही संज्ञा फसवी आहे, कारण तेथे गळतीस नियम असतो. तो नोंदलेल्या माहितीतून कळू शकतो, एवढाच तिचा अर्थ.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही हे तीनही प्रकार संभवतात. तपासणीचे यंत्र एखाद्या दिवशी बंद पडले, तर गळती पहिल्या प्रकारची. पहिलटकरीण बाळंतपणास माहेरी गेल्याने बालकाचे जन्मवजन नोंदले गेले नाही, तर ते कितवे बाळंतपण आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे गळती बहुधा दुसऱ्या प्रकारात बसेल. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाची आर्थिक स्थिती नोंदलेली नसेल आणि त्या स्थितीचा आरोग्याशी संबंध असेल, तर गळती तिसऱ्या प्रकाराकडे झुकते.

जुने उपाय सोपे होते. त्यांचे दोषही तितकेच मोठे. अपूर्ण नोंदी टाकून देणे हा मार्ग गळती पूर्णतः यादृच्छिक असतानाच निश्चितपणे सुरक्षित असतो, आणि तेव्हाही बरीच माहिती वाया जाते. रिकाम्या जागी सरासरी भरल्यास माणसामाणसांतील फरक कृत्रिमपणे कमी होतो. व्यक्तीची शेवटची उपलब्ध नोंद पुढे चालविण्याची पद्धत औषधपरीक्षणांत दीर्घकाळ रूढ होती. वरील उदाहरणात ती वापरल्यास सरासरी १८.६ येते, म्हणजे ऱ्हास आहे त्याहून कमी दिसतो. स्मृतिभ्रंशावरील एखाद्या औषधाच्या त्रासामुळे रुग्ण लवकर बाहेर पडत असतील, तर त्यांची सुरुवातीची बरी स्थितीच अखेरपर्यंत धरली जाईल. औषध जितके असह्य, तितके ते गुणकारी भासेल. येथे चूक केवळ कागदावर राहत नाही. ती रुग्णापर्यंत पोचते.

आधुनिक पद्धती उपलब्ध माहितीचा अधिक विवेकाने उपयोग करतात. वरील उदाहरणात दुर्बल गटातील चाळिसांपैकी दहाच उरले. त्या प्रत्येकास चौघांचा प्रतिनिधी मानून भार दिला, तर सरासरी पुन्हा १८ येते. दुसरी पद्धत अनेकवार पूर्तीची. रुबिन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले आहे. तीत रिकाम्या जागी एकच मूल्य न भरता संभाव्य मूल्ये अनेकदा भरली जातात. अशा प्रत्येक पूर्ण संचाचे स्वतंत्र विश्लेषण होते आणि मग निष्कर्ष एकत्र केले जातात. संचासंचांतील तफावत ही अज्ञानाचे माप ठरते. ती अंतिम अनिश्चिततेत मिळविली जाते.

तथापि, या पद्धतीही सामान्यतः गळती दुसऱ्या प्रकारची आहे असे गृहीत धरतात. न आलेल्या तीस जणांचे गुण दोनऐवजी सहाने घटले असतील, तर खरी सरासरी १६.८ असेल आणि भार देऊन काढलेले १८ हे उत्तर चुकेल. यांपैकी काय घडले, हे उरलेल्या सत्तर जणांच्या नोंदी सांगू शकत नाहीत. म्हणून निरनिराळी गृहीतके धरून निष्कर्ष कितपत टिकतो, हे तपासावे लागते. मृत व्यक्तीची गोष्ट आणखी वेगळी. तिचे गुण हरवलेले नसतात. ते अस्तित्वातच नसतात. ते अंदाजाने भरण्यापूर्वी आपण जिवंतांविषयी विचारतो आहोत की मूळ समूहाविषयी, हे ठरविणे अगत्याचे आहे.

सर्वांत उत्तम उपाय गळती रोखणे हाच होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातही औषधपरीक्षणांसंबंधी प्रतिबंधावरच भर देण्यात आला आहे. चाचण्या आटोपशीर ठेवणे, घरी जाऊन तपासणे, नातलगांचे पत्ते आधीच घेणे, औषध सोडलेल्यांचीही तपासणी चालू ठेवणे आणि सोडून जाण्याचे कारण लिहून ठेवणे, ही कामे दिसण्यास क्षुल्लक असली तरी कोणतेही सूत्र त्यांची जागा घेऊ शकत नाही. अर्थात सहभाग सोडण्याचा प्रत्येकाचा अधिकार अबाधितच राहिला पाहिजे. प्रबंध लिहिणाऱ्याने किती जण आरंभी होते, किती उरले, गेलेले राहिलेल्यांहून कोणत्या बाबतीत भिन्न होते आणि रिकाम्या नोंदींविषयी कोणते गृहीतक धरले, या चार गोष्टी निःसंदिग्धपणे नमूद कराव्यात. त्याशिवाय त्याने दिलेल्या सरासरीचे मोल वाचकास ठरविता येणार नाही.