आधी बोलणं, मग ठरवणं

गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळचं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव, वस्ती जेमतेम पाचशेच्या आसपास. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. मला त्याहून मोलाची वाटते ती गावाची बोलायची रीत.

इथे बैठका दोन तऱ्हेच्या. एक अभ्यास गट. त्यात कुणीही बसावं, बाहेरून आलेल्यानेही. वनकायद्यापासून मधमाश्यांपर्यंत कशाचाही काथ्याकूट करावा, पण ठरवायचं काहीच नाही. ठरवते ती ग्रामसभा, आणि तीही सर्वसहमतीने. हात वर करून मोजणी नाही. एकाला जरी पटलं नसलं तरी विषय लांबणीवर पडतो, पुन्हा चर्चेला येतो. दारूबंदीचा विषय असाच रेंगाळला. बायकांनी तो लावून धरला होता. पण मोहाची दारू देवकार्यातही लागते, म्हणून नुसतं बहुमत गोळा करून भागणारं नव्हतं.

‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांनी ही पद्धत घडवली, असं सांगितलं जातं. ते खरंच, पण घोटुलात, म्हणजे गोंड तरुणांच्या सामायिक घरात, एकत्र बसायची सवय गावाकडे त्याआधीपासून होती, हेही विसरू नये.

या संथपणाला नाकं मुरडणारे पुष्कळ. बांबूच्या वेळी मात्र त्याचा कस लागला. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात, म्हणजे वनहक्कधारकांनी गोळा करून विकायच्या वस्तूंत, घातला होता. 2009मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्कही मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि तो वनखात्याच्या हाती. अभ्यास गटात गावाने कायदा कलमासकट वाचलेला होता; साहेबाच्या ‘नियमात बसत नाही’ला तिथल्या तिथे उत्तर मिळे. शेवटी एप्रिल 2011मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे आलं.

पाच हजारांच्या गावात हे चालेल? मला शंका आहे. सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, तर माणसं एका मांडवात मावायला हवीत. मेंढ्यात ती मावतात. 2013मध्ये तिथल्या कुटुंबांनी ग्रामदान कायद्याखाली आपल्या शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे द्यायचं ठरवलं, तेही कुणाला मतांनी हरवून नव्हे.