तटस्थ मैदानाची तटस्थता : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या राज्यांतर्गत सामन्यांचा एक अभ्यास

प्रस्तावना :

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 'फुटबॉल' या नावाने ओळखला जाणारा खेळ भारतात परिचित असलेल्या फुटबॉलपेक्षा सर्वस्वी भिन्न आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा हा खेळ तेथे प्रामुख्याने विद्यापीठांच्या आश्रयाने वाढला. ज्या राज्यांत मोठा व्यावसायिक संघ नाही, तेथे राज्य विद्यापीठाचा संघ हाच संपूर्ण राज्याच्या अस्मितेचा विषय बनतो. अशा विद्यापीठाने आपल्याच राज्यातील लहान विद्यापीठाशी खेळावे की नाही आणि खेळायचे असल्यास कोणत्या मैदानावर, हा प्रश्न वरवर पाहता वेळापत्रकाचा वाटतो. वस्तुतः त्यामागे प्रतिष्ठा, उत्पन्न आणि सार्वजनिक संस्थांमधील समानता हे तिन्ही घटक कार्यरत असतात. प्रस्तुत लेखात आर्कान्सा राज्याचे उदाहरण केंद्रस्थानी ठेवून आणि अलाबामा व कोलोरॅडो या राज्यांशी त्याची तुलना करून 'तटस्थ मैदान' या व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वेळापत्रकाची रचना :

महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतील संघ २००६ पासून नियमित हंगामात सामान्यतः बारा सामने खेळतात. त्यांपैकी बहुतेक सामने आपल्या 'कॉन्फरन्स'मधील, म्हणजे विद्यापीठांच्या प्रादेशिक संघसमूहातील, प्रतिस्पर्ध्यांशी ठरलेले असतात. उरलेल्या तीन-चार जागा भरण्याचे स्वातंत्र्य त्या त्या विद्यापीठाच्या क्रीडा संचालकास असते. या जागांपैकी काहींवर लहान विद्यापीठांना निमंत्रण दिले जाते. मोठ्या संघाला त्यातून यजमानपदाचा सामना, तिकिटांचे उत्पन्न आणि बहुधा विजय मिळतो, तर लहान विद्यापीठाला ठरावीक हमी रक्कम मिळते. अनेक लहान विद्यापीठांच्या क्रीडा विभागाचा वार्षिक खर्च भागविण्यास ही रक्कम मोठा हातभार लावते. हंगामोत्तर 'बाउल' सामन्यासाठी सर्वसाधारणपणे सहा विजय आवश्यक असतात. त्यांत दुसऱ्या श्रेणीतील संघावर मिळविलेला एक विजय काही अटींवर ग्राह्य धरला जातो.

दोन श्रेणींतील अंतर मोठे आहे. २०२४ च्या हंगामापर्यंत पहिल्या श्रेणीतील संघाला फुटबॉलसाठी ८५ आणि दुसऱ्या श्रेणीतील संघाला ६३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. असे असूनही लहान संघाचा विजय अशक्य नसतो, आणि मोठ्या विद्यापीठाच्या भीतीचे मूळ तेथेच आहे.

आर्कान्सा : नकाराची परंपरा :

आर्कान्सा विद्यापीठाचे मुख्य संकुल राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, फेएटव्हिल येथे आहे. राजधानी लिटल रॉक तेथून सुमारे ३०० किलोमीटर अंतरावर, राज्याच्या मध्यभागी वसली आहे. दोन्ही महायुद्धांतील राज्याच्या सैनिकांच्या स्मरणार्थ लिटल रॉकमध्ये १९४८ साली 'वॉर मेमोरियल स्टेडियम' उभे राहिले, आणि तेव्हापासून विद्यापीठाचा 'रेझरबॅक्स' हा संघ आपले काही घरचे सामने तेथे खेळू लागला. दूरच्या जिल्ह्यांतील समर्थकांना राजधानीत सामना पाहता यावा आणि संघ संपूर्ण राज्याचा राहावा, हा त्यामागील विचार होता.

या 'एक राज्य, एक संघ' भूमिकेची दुसरी बाजू म्हणजे राज्यातील अन्य विद्यापीठांशी न खेळण्याचे धोरण. १९४४ नंतर अनेक दशके रेझरबॅक्सने राज्यातील एकाही संघाशी फुटबॉल सामना खेळला नाही. १९५८ ते १९७६ या काळात प्रशिक्षक आणि पुढे २००७ पर्यंत क्रीडा संचालक राहिलेले फ्रँक ब्रॉयल्स हे या धोरणाचे प्रमुख पुरस्कर्ते होते. राज्यातील निष्ठा विभागली जाऊ नये, हे त्याचे समर्थन होते. विजयाने मोठ्या विद्यापीठास काही नवे लाभणार नव्हते, पराभवाने मात्र पुष्कळ गमवावे लागले असते.

तथापि या धोरणाने लहान संघाकडून होणारा पराभव टळला नाही. १९९२ साली दक्षिण कॅरोलायनातील 'दि सिटाडेल' या लष्करी महाविद्यालयाने फेएटव्हिलमध्येच आर्कान्साला १०-३ असे हरविले आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकांना पद सोडावे लागले. २०१२ साली लुइझियाना-मन्रोने ३४-३१ असा, तर २०१५ साली ओहायोतील टोलेडोने १६-१२ असा विजय मिळविला, आणि हे दोन्ही पराभव लिटल रॉकच्या मैदानावर झाले. म्हणजेच धोरणाने पराभवाचा धोका दूर केला नव्हता. तो पराभव राज्यातीलच कोणाकडून होण्याची शक्यता तेवढी दूर केली होती.

धोरणातील बदल :

२००१ मध्ये फेएटव्हिलच्या स्टेडियमचा विस्तार होऊन त्याची क्षमता ७२,००० झाली. त्यामुळे राजधानीत खेळणे आर्थिकदृष्ट्या तोट्याचे ठरू लागले. लिटल रॉकमधील सामन्यांची संख्या घटत जाऊन २०१४ पासून ती वर्षाला एकावर आली. महत्त्वाच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना संकुलातच ठेवायचा असेल, तर राजधानीला कोणता सामना द्यावा, असा प्रश्न निर्माण झाला.

याच सुमारास क्रीडा संचालक हंटर युराचेक यांनी २०१८ मध्ये जुने धोरण शिथिल केले. प्रारंभी आर्कान्सा विद्यापीठ समूहातीलच संस्थांशी खेळण्यास अनुमती देण्यात आली. १८७३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली आणि १९७२ मध्ये या समूहात समाविष्ट झालेली पाइन ब्लफ येथील संस्था त्यांपैकी एक होय. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी लिटल रॉकमध्ये हा सामना झाला आणि रेझरबॅक्सने तो ४५-३ असा जिंकला. २०२४ मध्ये त्याच मैदानावर त्यांनी पाइन ब्लफचा ७०-० असा पराभव केला. ६ सप्टेंबर २०२५ रोजी जोन्सबरो येथील आर्कान्सा स्टेट या समूहाबाहेरील विद्यापीठाशी इतिहासातील पहिला सामनाही लिटल रॉकमध्येच झाला. त्यात रेझरबॅक्सने ५६-१४ असा विजय मिळविला. ज्या विभागणीच्या भीतीने हे सामने अनेक दशके टाळले गेले, ती त्या सामन्यांमुळे घडून आली असे दिसत नाही.

तटस्थतेचे तीन निकष :

वरील सामन्यांचे मैदान तटस्थ होते काय, याचे उत्तर तीन निकषांवर तपासावे लागते.

पहिला निकष भौगोलिक आहे. लिटल रॉक हे पाइन ब्लफपासून सुमारे ७० किलोमीटरवर, तर फेएटव्हिलपासून त्याच्या चौपटीहून अधिक अंतरावर आहे. या निकषावर ते लहान संघालाच अधिक जवळचे ठरते.

दुसरा निकष कराराचा आहे. हे सामने कागदोपत्री रेझरबॅक्सचे घरचे सामने होते. पाइन ब्लफ व आर्कान्सा स्टेट हे पाहुणे संघ होते.

तिसरा निकष परंपरेचा आहे. १९४८ पासून हे मैदान रेझरबॅक्सचे दुसरे घर राहिले आहे. अंतराच्या दृष्टीने जे मैदान मध्यवर्ती, ते करार आणि परंपरा यांच्या दृष्टीने एका पक्षाचे होते.

अलाबामा व कोलोरॅडो :

अलाबामा आणि ऑबर्न या विद्यापीठांमधील सामने १९०७ नंतर खेळाडूंचा दैनिक भत्ता व पंचांची निवड अशा बाबींवरील मतभेदांमुळे बंद पडले. राज्याच्या विधिमंडळातून आग्रह झाल्यानंतर १९४८ मध्ये बर्मिंगहॅम शहरातील 'लीजन फील्ड'वर ते पुन्हा सुरू झाले. पहिला सामना अलाबामाने ५५-० असा जिंकला. पुढच्याच वर्षी ऑबर्नने १४-१३ असा विजय मिळविला. तिकिटे दीर्घकाळ दोन्ही पक्षांत समान वाटली जात. तरीही अलाबामा आपले अन्य घरचे सामने त्याच मैदानावर खेळत असल्याने ऑबर्नला ते मैदान तटस्थ वाटत नव्हते. अखेर १९८९ मध्ये ऑबर्नने अलाबामाला प्रथमच आपल्या संकुलात पाचारण केले आणि ३०-२० असे हरविले.

कोलोरॅडोमध्ये बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठ आणि फोर्ट कॉलिन्स येथील कोलोरॅडो स्टेट यांचा सामना १९९८ मध्ये डेन्व्हर शहरातील व्यावसायिक संघाच्या स्टेडियममध्ये नेण्यात आला. हे मैदान दोघांपैकी कोणाचेही नव्हते. २०१९ पर्यंतचे बहुसंख्य सामने डेन्व्हरमध्येच झाले. २०१७ मध्ये कोलोरॅडो स्टेटने स्वतःच्या संकुलात नवे स्टेडियम उभारले. २०२३ चा सामना बोल्डरमध्ये आणि २०२४ चा फोर्ट कॉलिन्समध्ये झाला. या दोन्ही राज्यांत तटस्थ मैदान हा अंतिम मुक्काम नव्हता. नकार आणि परस्पर यजमानपद यांच्यामधला तो एक टप्पा ठरला.

भावी अडचण :

आर्कान्साचा समावेश असलेल्या 'साउथईस्टर्न कॉन्फरन्स'ने २०२६ पासून अंतर्गत सामन्यांची संख्या आठवरून नऊ करण्याचा निर्णय ऑगस्ट २०२५ मध्ये घेतला. शिवाय अन्य प्रबळ संघसमूहातील किमान एका प्रतिस्पर्ध्याशी खेळणे बंधनकारक केले. परिणामी मुक्त जागा दोनच उरतात. या दोन जागांसाठी राज्याबाहेरील लहान संघही इच्छुक असतात. राज्यांतर्गत सामन्याची परंपरा सुरू होऊन अल्पकाळच लोटला असताना ती आकुंचित होण्याचा धोका यातून संभवतो. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या या संस्थांमध्ये हमी रक्कम राज्याबाहेर पाठवावी की राज्यातच ठेवावी, हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र होतो.

निष्कर्ष :

१. मैदानाची तटस्थता केवळ अंतराने सिद्ध होत नाही. तिकिटांचे वाटप, यजमानपद आणि मैदानाची परंपरा यांवर ती अवलंबून असते.

२. राज्यांतर्गत सामने टाळल्याने लहान संघाकडून होणारा पराभव टळत नाही, हे आर्कान्साच्या अनुभवावरून दिसते.

३. दीर्घकालीन नकारानंतर संबंध सुरू करण्यासाठी तटस्थ मैदान उपयुक्त ठरते. परंतु लहान संस्थेला स्वतःच्या संकुलात यजमान होण्याची संधी मिळेपर्यंत समानता अपुरीच राहते.

४. मुक्त जागा घटत असताना राज्यातील लहान विद्यापीठासाठी एक जागा धोरण म्हणून राखून ठेवली, तरच २०२१ मध्ये आरंभ झालेली ही परंपरा टिकून राहू शकेल.